मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर तेवढेच, मग तास कमी-जास्त का होतात?

मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब असं नेटवर टाकलं की साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो, आणि किती तास लागतात असं टाकलं की चौदा, साडेपंधरा, सोळा, कुठे बावीस तर कुठे अठ्ठावीस अशी वाट्टेल ती उत्तरं येतात. त्यात तिकिटावर रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचणार असं लिहिलेलं, म्हणजे सहा तासांत अमेरिका! पहिल्यांदा चाललेल्या माणसाचा, खास करून मुलांकडे निघालेल्या आईबाबांचा, इथे हमखास गोंधळ होतो, आणि विचारलं तर घरातलं कोणीतरी "अहो पृथ्वी फिरते ना, म्हणून" असं सांगून मोकळं होतं. ते कारण बरोबर नाहीये. खरं कारण समजायला अवघड अजिबात नाही, फक्त अंतर, वारा, बंद आकाश आणि घड्याळ या चारही गोष्टी वेगवेगळ्या करून बघाव्या लागतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

आधी अंतर बघू. साडेबारा हजार हा आकडा म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतची सगळ्यात जवळची वाट. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर काढा, एक दोरा घ्या, त्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. बहुतेकांना वाटतं की तो अरबी समुद्र, सौदी, आफ्रिकेचा वरचा भाग आणि मग अटलांटिक असा जाईल, कारण भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं, मुंबई उजवीकडे, न्यूयॉर्क डावीकडे, मध्ये सरळ रेघ. पण दोरा तसा जातच नाही, तो मुंबईतून निघतो तोच जवळजवळ उत्तरेकडे तोंड करून! सौराष्ट्र, कच्छचं रण, सिंध, कंदाहारचा भाग, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानची पश्चिम बाजू, मग थेट मॉस्को, तिथून फिनलंडचं दक्षिण टोक, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडच्या शेपटाला हात लावून कॅनडातलं लॅब्राडोर, आणि मग वरून खाली उतरत न्यूयॉर्क. आइसलँडच्या जवळ ही वाट जवळजवळ ६५ अंश उत्तरेला पोचते, म्हणजे आर्क्टिक वृत्त तिथून दोनच अंशांवर. मुंबई १९ अंशावर, न्यूयॉर्क ४१ अंशाच्या अलीकडे, आणि दोघांमधली जवळची वाट ६५ अंशावरून! मला हे फार आवडतं, दोरा ताणून बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

याला ग्रेट सर्कल म्हणतात. नकाशावरची सरळ रेघ पकडून, म्हणजे ओमान, सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को असं करत गेलं तर अंतर होतं साधारण १४,२०० किलोमीटर, म्हणजे सोळा-सतराशे किलोमीटर जास्त, दोन तासांचं उड्डाण फुकट. नकाशा आपल्याला फसवतो कारण आपल्या डोळ्यासमोर जो जगाचा नकाशा असतो तो बहुतेक वेळा गेरार्डस मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीचा असतो. तो बनवला होता समुद्रावरच्या खलाशांसाठी, होकायंत्राची दिशा एकदा धरली आणि तीच ठेवली तर ती वाट त्या नकाशावर सरळ रेघ दिसते. जहाजाला ती फार मोठी सोय होती. पण त्या सोयीसाठी उत्तर आणि दक्षिणेकडचे प्रदेश ताणून मोठे करावे लागतात, म्हणून ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट मोठी आहे. विमानात समोरच्या स्क्रीनवर जी वाकडी कमान दिसते ना, ती वाट वाकडी नसतेच, गोल पृथ्वी सपाट स्क्रीनवर बसवल्यामुळे तशी दिसते.

आता तुम्ही म्हणाल, पण विमान मॉस्कोवरून कुठे जातं? बरोबर आहे, बहुतेक नाही जात. कारण आकाशाला पण हद्दी असतात, आणि कुठल्या देशाच्या विमानाला कुठल्या देशावरून जाता येतं हे दर वर्षी, कधीकधी एका रात्रीत बदलतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हापासून युक्रेनचं आकाश बंद आहे, आणि रशिया आणि अमेरिका-युरोप यांनी एकमेकांच्या विमानांना बंदी घातली. भारतीय कंपन्यांना रशियावरून जाता येतं, अमेरिकन कंपन्यांना येत नाही. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने मार्च २०२२ मध्ये मुंबई-नेवार्क (न्यूयॉर्कजवळचाच दुसरा विमानतळ) फ्लाइट याच कारणाने थांबवली होती. मग २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं, आणि लगेच जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराणचं आकाश काही दिवस बंद राहिलं. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पण पाकिस्तानवरचा रस्ता फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत असाच बंद होता.

इथे मुंबईची जागा फायद्याची ठरते. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की समोर लगेच पाकिस्तान, त्यामुळे दिल्लीच्या फ्लाइट आधी दक्षिणेकडे वळसा मारून मग पश्चिमेला जायला लागल्या, अमेरिकेच्या काही फ्लाइटना तर इंधनासाठी व्हिएन्ना आणि कोपनहेगनला उतरावं लागलं, आणि एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन बंदच केली, त्याच्या कारणांमध्ये विमानांची कमतरता होती आणि हे बंद आकाश पण होतं. मुंबईहून मात्र विमान सरळ समुद्रावर निघतं आणि आखाताकडून वर चढतं. हिशोब करून बघा, मुंबई ते इस्तंबूल साधारण ४,८०० किलोमीटर आणि इस्तंबूल ते न्यूयॉर्क साधारण ८,०५०, म्हणजे एकूण १२,८५० च्या आसपास. मॉस्कोवरची आदर्श वाट सोडून इतकं दक्षिणेला आलो तरी वाढले फक्त तीनेकशे किलोमीटर. लांबच्या प्रवासात हे नेहमी होतं, सगळ्यात जवळच्या वाटेपासून थोडं बाजूला गेलं तर अंतर फार वाढत नाही, वळसा मोठा झाला की मग पटापट वाढतं.

म्हणजे बंद आकाशाने अर्धा-एक तास इकडे तिकडे झाला. पण जातानाचे साडेपंधरा-सोळा आणि येतानाचे चौदा, हा फरक त्याने होत नाही. तो वारा करतो.

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकं जिथून प्रवासी विमानं जातात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि प्रचंड वेगाचे पट्टे वाहत असतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर तर नेहमीचं, हिवाळ्यात तीनशेच्या वर पण जातात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड, त्या फरकामुळे वरची हवा ध्रुवाकडे सरकायला बघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. हिवाळ्यात ध्रुव जास्तच थंड पडतो, फरक वाढतो, म्हणून वारा पण वाढतो. याचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात जपानमध्ये फुगे सोडून सोडून, आणि निष्कर्ष जगाने वाचावेत म्हणून एस्पेरांतो भाषेत छापले, जी फारच थोड्या लोकांना येत होती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकन बी-२९ बॉम्बर विमानांना हा वारा अगदी नवीनच होता. इतकं महत्त्वाचं काम इतकी वर्षं तसंच पडून राहिलं याची मला खरंच हळहळ वाटते.

विमानाला वारा कसा लागतो ते नदीतल्या होडीसारखं समजा. होडीचा स्वतःचा वेग पाण्याच्या हिशोबाने तोच राहतो, पण काठावरून बघणाऱ्याला ती प्रवाहाबरोबर पटकन आणि प्रवाहाच्या उलट हळू जाताना दिसते. मोठ्या विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो, आणि तो जाताना-येताना जवळपास सारखाच. न्यूयॉर्कला जाताना वारा समोरून, सरासरी समजा ६० किलोमीटरचा पकडला तर जमिनीच्या हिशोबाने वेग उरला ८४०. साडेबारा हजार भागिले ८४०, झाले जवळजवळ पंधरा तास. त्यात वर चढणं, खाली उतरणं, रनवेपर्यंत रांगेत सरकणं हे सगळं धरा, साडेपंधराच्या पुढे गेलंच. येताना तोच वारा पाठीमागून, वेग ९४०-९५०, हवेतले तेरा-सव्वातेरा तास आणि सगळं धरून चौदा.

इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लोकांना वाटतं जाताना जेवढं नुकसान तेवढाच येताना फायदा, म्हणजे हिशोब बरोबर. तसं होत नाही. समजा अंतर १२,००० किलोमीटर, वेग ९००, वारा १००. वाऱ्याविरुद्ध ८०० ने गेलं तर १५ तास, वाऱ्याबरोबर १,००० ने आलं तर १२ तास, एकूण २७. वाराच नसता तर एकूण साधारण २६ तास ४० मिनिटं लागली असती. कारण उघड आहे, समोरचा वारा तुम्हाला जास्त तास छळतो आणि पाठीमागचा कमी तास मदत करतो, त्यामुळे दोन्हीकडचं मिळून वारा नेहमी वेळ खातोच.

आणि आता ते पृथ्वी फिरते वालं उत्तर. मुंबईच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी साधारण १,५८० किलोमीटर वेगाने फिरतेय. जर हवा तिच्याबरोबर फिरत नसती तर मरीन ड्राइव्हवर उभं राहिल्यावर आपल्या तोंडावर १,५८० किलोमीटरचा वारा आला असता, आणि मरीन ड्राइव्ह पण राहिला नसता. हवा जमिनीबरोबर फिरते, विमान त्या हवेत उडतं, त्यामुळे खालून पृथ्वी सरकतेय आणि विमानाचं काम सोपं किंवा अवघड होतंय असं काही नसतं. उलट तसं असतं तर पश्चिमेला जाणं सोपं व्हायला हवं होतं, कारण न्यूयॉर्क आपोआप आपल्याकडे सरकत आलं असतं! प्रत्यक्षात नेमकं उलटं घडतं. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण तो वाऱ्याला दिशा देण्यापुरता.

या वाऱ्याच्या जोरावर काय होऊ शकतं याचं एक उदाहरण फेब्रुवारी २०२० चं, ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, वादळामुळे जेट स्ट्रीम जोरात होता आणि जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ही फ्लाइट एरवी सहा-साडेसहा तासांची. आणि आपल्या लोकांच्या कामाचं उदाहरण म्हणजे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाची ही फ्लाइट आधी अटलांटिकवरून पश्चिमेकडे जायची, साधारण चौदा हजार किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जाताना पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर झालं पंधरा हजारांच्या पुढे, आणि वेळ कमी झाला जवळजवळ दोन तासांनी! हजारभर किलोमीटर जास्त उडून लवकर पोचायचं, कारण पूर्ण वाटेत वारा पाठीशी. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडल्या बाजूला असल्यामुळे तिथे हे जमतं. न्यूयॉर्कला जमत नाही, मुंबई-टोकियो-न्यूयॉर्क असं गेलं तर साडेसतरा हजार किलोमीटर होतात, एवढी भरपाई कुठलाच वारा करणार नाही.

म्हणून रूट रोज बदलतो. टेकऑफच्या काही तास आधी कंपनीचे डिस्पॅचर त्या दिवशीचा वारा, वादळं, बंद आकाश, वरून जाण्याचं भाडं (हो, बहुतेक देश त्यांच्यावरून उडायचे पैसे घेतात) हे सगळं बघून वाट ठरवतात. अटलांटिकवर तर दिवसातून दोनदा वाऱ्याप्रमाणे समांतर रस्ते आखले जातात, पश्चिमेकडे जाणारे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या शॅनविक या विमान-नियंत्रण केंद्रातून आणि पूर्वेकडे येणारे कॅनडाच्या गँडर केंद्रातून. फ्लाइट ट्रॅकरवर काल मुलगा आइसलँडवरून गेला आणि आज सून स्पेनच्या जवळून का चाललीय म्हणून काळजी करणाऱ्या आईबाबांना हे जरूर सांगा, काही बिघडलेलं नसतं, वारा बदललेला असतो.

आणि हे सगळं इंधनाशी बांधलेलं आहे. बोइंग ७७७-३००ईआर च्या टाक्यांमध्ये १,८१,००० लिटर इंधन मावतं, वजन जवळजवळ १४५ टन, आणि विमान सगळं मिळून जास्तीत जास्त साडेतीनशे टनांचं उडू शकतं. म्हणजे चाळीस टक्के नुसतं इंधन. आणि जास्तीचं इंधन वाहून न्यायला पण इंधन जळतंच, त्यामुळे समोरचा वारा खूप असेल तेव्हा माल कमी घ्यावा लागतो, कधी सीट रिकाम्या ठेवाव्या लागतात. इतकं लांब एका दमात जाणं आपल्याला आता साधं वाटतं पण ते अगदी अलीकडचं आहे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत, १४ मे १९६० ला बोइंग ७०७ ने न्यूयॉर्क सुरू झालं ते लंडनमार्गे, आणि मुंबई-न्यूयॉर्क नॉनस्टॉप एअर इंडियाने सुरू केलं ऑगस्ट २००७ मध्ये.

आता घड्याळ. भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार तास मागे. फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे, आपल्याकडे असं काही नाही, म्हणून एकाच फ्लाइटची वेळ मार्चनंतर एकदम तासाने बदललेली दिसते. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची आणि पोचायची वेळ न्यूयॉर्कची असते, कायम. जून महिन्यात रात्री दीडला निघून सकाळी साडेसात म्हणजे दिसायला सहा तास, त्यात साडेनऊ मिळवा, झाले साडेपंधरा. येताना उलटं, न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबई, दिसायला साडेतेवीस तास, त्यातून साडेनऊ वजा, उरले चौदा. जाताना मिळवायचे, येताना वजा करायचे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आणि रात्री दीडची फ्लाइट म्हणजे आदल्या दिवशी रात्रीच घरून निघायचं, तारीख चुकून फ्लाइट हुकणारे लोक या एका गोष्टीमुळे हुकवतात, तेव्हा आईबाबांच्या कॅलेंडरवर निघायच्या रात्रीच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

अजून एक, तिकिटावरचे तास हे विमान गेटपासून हललं ते समोरच्या गेटला लागलं असे मोजलेले असतात, आणि त्यात कंपनी थोडा उशीर आधीच धरून ठेवते. म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेली फ्लाइट पण बऱ्याचदा वेळेवर पोचते.

थांबा घेऊन जाणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. मुंबई-दुबई साधारण १,९५० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क साधारण ११,०००, एकूण तेरा हजारांच्या आत. मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५५०, एकूण १२,७५०, नॉनस्टॉपपेक्षा फक्त दोनेकशे जास्त! म्हणजे दुबई काय, लंडन काय, हे सगळे थांबे आपल्या वाटेच्या जवळपासच आहेत, अंतर वाढतच नाही म्हटलं तरी चालेल, मग बावीस आणि अठ्ठावीस तास येतात कुठून तर ते जमिनीवरचे असतात, कनेक्शनची वाट बघण्यातले. त्यामुळे थांब्याचं तिकीट घेताना शहर कुठलं यापेक्षा मधला वेळ किती ते बघा. दीड तासाचं कनेक्शन तरुण माणसाला ठीक आहे, पण गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना मोठ्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत सिक्युरिटी करायची असेल तर तीन तास असलेले बरे, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. सलग पंधरा तास बसणं ज्यांना झेपत नाही त्यांना थांबा तब्येतीने पण बरा पडतो, आणि ज्यांना भाषेची, गर्दीची भीती वाटते त्यांच्यासाठी नॉनस्टॉपचे जास्तीचे पैसे मी तरी बिनधास्त द्यायला सांगेन.

शेवटची गोष्ट विमानतळाची. न्यूयॉर्क म्हणून सर्च केलं की जेएफके आणि नेवार्क दोन्ही येतात, मुंबईपासून अंतर दोघांचं जवळजवळ सारखंच. पण जेएफके शहराच्या पूर्वेला आणि नेवार्क पश्चिमेला न्यू जर्सीत. मुलगी एडिसनला किंवा जर्सी सिटीला राहत असेल तर नेवार्क जवळ, आणि जेएफकेला उतरलात तर तिला अख्खं न्यूयॉर्क ट्रॅफिकमधून ओलांडून न्यायला यावं लागेल, सकाळच्या वेळी तर विचारूच नका, तेव्हा तिकीट काढायच्या आधी तिला एक फोन करून विचारा कुठे येणं सोपं आहे.